एक जूनवाल्यांचा डिसेंबर

प्रश्न : मी जलसंपदा विभागात उपअभियंता आहे. पुढच्या वर्षी ३१ मे रोजी नियत वयोमानानुसार निवृत्त होतोय. पेन्शन आहे, साताऱ्यात स्वतःचं घर आहे, मुलगा पुण्यात आणि मुलगी बेंगळुरूला, दोघंही मार्गी लागलेत. पैशाची चिंता नाही. पण कुणी 'मग आता पुढे काय?' विचारलं की पोटात गोळा येतो. सगळे सांगतात छंद जोपासा. मला छंदच नाही. वाचन पेपरापुरतं, गाण्यातलं कळत नाही, फिरायला जायचा कंटाळा. ३४ वर्षं कालवा, पाणी सोडायची आवर्तनं आणि शेतकऱ्यांचे फोन यातच गेली. बायकोने आधीच बजावलंय, 'घरी बसून माझ्या डोक्यावर मिरे वाटायचे नाहीत.' हातात वर्षभर आहे. काय करू?

उत्तर :

३१ मे म्हटल्यावर तुमची जन्मतारीख विचारायची गरज नाही. १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी दिलेला वाढदिवस! महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे दरवर्षी ३१ मेला कचेऱ्या-कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते आणि गावातला हारवाला खूश असतो. तुमच्यासारखे एक जूनवाले माझ्याकडे बरेच येतात. त्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी एक कबुली. मी २२ वर्षं निवृत्तीपूर्व कार्यशाळा घेतेय. पहिली तेरा वर्षं एका कारखान्याच्या कार्मिक विभागात नोकरीला होते तेव्हा, आणि नऊ वर्षांपूर्वी मी स्वतः निवृत्त झाल्यावर बाहेर. त्या पहिल्या तेरा वर्षांत मी लोकांना चुकीचं शिकवलं. सकाळच्या सत्रात बँकेचा माणूस गुंतवणुकीवर बोलायचा, आणि जेवणानंतर, सगळ्यांचे डोळे जड झालेले असताना, मी एक तक्ता वाटायचे : 'तुमचे राहून गेलेले छंद'. बागकाम, वाचन, संगीत, प्रवास, इतर. लोक आज्ञाधारकपणे खुणा करायचे. प्रवासावर सगळ्यांची खूण असायची.

मग माझी पाळी आली. मी स्वतःच्याच तक्त्याप्रमाणे वागले. पेटी घेतली, जलरंगांचा वर्ग लावला, संस्कृतचा लावला, सकाळी योग. पेटीची गाडी अलंकारांच्या पुढे गेली नाही, पण ते सोडा. एका गुरुवारी धो धो पाऊस होता म्हणून जलरंगांना गेले नाही. पुढच्या गुरुवारी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या गुरुवारी कारणही नव्हतं. चौथ्या आठवड्यात गेले तर सर म्हणाले, "या या, बसा," आणि समोरच्या बाईंना आकाशाचा ओला रंग कसा सोडायचा ते दाखवत राहिले. मी तीन आठवडे आले नव्हते हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. सरांची काहीच चूक नाही. वर्गात माझ्यासारख्या सात निवृत्त बायका होत्या आणि आम्ही सगळ्याच तिथे एकमेकींच्या गरजेविना बसलेल्या होतो. घरी येताना रिक्षात मला रडू आलं. तेरा वर्षं मी लोकांना हेच वाटत होते.

नोकरी पगार देते, ओळख देते, दिवसाला चौकट देते, हे सगळे सांगतात. ती आणखी एक गोष्ट देते, आणि ती जाईपर्यंत कळत नाही : आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं. माझ्या केबिनच्या दारात सकाळी नऊ-सव्वानऊला कुणीतरी फंडाचा फॉर्म धरून उभा असायचा, "मॅडम, तेवढं बघा ना." वैताग यायचा, चहासुद्धा गार व्हायचा. तुमचंही तसंच असणार. रात्री साडेअकराला टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचा फोन येतो, "साहेब, आमच्या चारीला पाणी पोचलंच नाही, वरच्यांनी दारं उचलली." आज तुम्ही फोन बाजूला ठेवून कपाळावर हात मारता. १ जूनपासून तो फोन दुसऱ्या कुणाला तरी जाईल, आणि पहिल्या आठवड्यात तुम्हाला ते फार छान वाटेल.

किती दिवस छान वाटेल याचाही मला आता अंदाज आलाय. रॉबर्ट ॲचली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले होते : आधी मधुचंद्र, मग भ्रमनिरास, मग नव्याने मांडामांड. आपल्याकडे त्या मधुचंद्राला पंचांग आहे. जून जातो कागदांत : पेन्शन केस, उपदान (ग्रॅच्युइटी), रजेचं रोखीकरण, राहिलेलं एखादं ना-देय प्रमाणपत्र. मग आषाढी, श्रावण, गणपती, नवरात्र. दिवाळीला मुलं येतात, घर भरतं. भाऊबीज झाली की मुलं जातात, फराळाचे डबे रिकामे होतात, आणि डिसेंबरातल्या एका दुपारी साडेतीनला माणूस खुर्चीत बसलेला असतो आणि सहा वाजता वाजत नाहीत. मला सर्वात जास्त फोन डिसेंबरात येतात, आणि बरेचदा बायकांचे. "हे गप्प गप्प असतात हल्ली." तुमच्या वर्षभराच्या तयारीची कसोटी १ जूनला लागणार नाही, त्या डिसेंबरात लागेल.

आता एका माणसाबद्दल सांगते, कारण माझा विचार त्यांनी बदलला. कोषागारातून निवृत्त झालेले लेखा लिपिक. कार्यशाळेत दोन दिवसांत एक शब्द बोलले नव्हते. छंदांच्या तक्त्यावर त्यांनी आडवी रेघ मारून वळणदार कचेरी अक्षरात 'निरंक' लिहिलं होतं. मी मनात म्हटलं, या गृहस्थांचं कठीण आहे.

दोनेक वर्षांनी नोव्हेंबरात एका ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यानाला गेले होते. पाण्याच्या टाकीखालची खोली, बाहेर चपलांचा ढीग. आत एका टेबलाशी हेच गृहस्थ. समोर लॅपटॉप, बोटाचा ठसा घ्यायचं छोटं यंत्र आणि घडी केलेला ओला नॅपकिन. हयातीच्या दाखल्यांचं काम चाललं होतं. नोव्हेंबरात पेन्शनरांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४पासून तो 'जीवन प्रमाण'वर ठसा देऊन देता येतो, पण त्यासाठी ठसा शिल्लक पाहिजे. समोर बसलेल्या आजींचा अंगठा यंत्राने चारदा नाकारला. जन्मभर भांडी घासून आणि शेतात राबून बोटं गुळगुळीत झालेली. हे घाईत नव्हते. नॅपकिनने अंगठा पुसला, पुन्हा ठेवला. नाही. तर्जनी, मग मधलं बोट. नाही. मग म्हणाले, "आजी, गेल्या वर्षी तुमची डावी अनामिका चालली होती. द्या बघू." हिरवा दिवा लागला. आजी म्हणाल्या, "म्हंजे हाय म्हणायची मी अजून!"

मला त्यांची वही बघायची होती. दोनशे पानी, हाताने रेघा मारलेली. पेन्शनराचं नाव, पेन्शन कुठली, बँक, आणि शेवटच्या रकान्यात : 'उजवी तर्जनी', 'डावी अनामिका', 'बोट नाही, मोबाइलवर चेहरा'. २०२१पासून चेहऱ्यावरूनही दाखला निघतो, पण त्याला उजेड नीट लागतो, म्हणून काही नावांपुढे 'सकाळी, ओसरीवर' अशीही नोंद. चौऱ्याण्णव नावं होती. दुपारी एक नंतर ते स्कूटरवरून अंथरुणाला खिळलेल्यांकडे जायचे. एक निवृत्त मुख्याध्यापक साडेनऊपासून येऊन बसले होते आणि दहा मिनिटं उशीर झाला म्हणून सगळ्यांसमोर यांना झापत होते. ते झापून घेताना या गृहस्थांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी कार्यशाळेत दोन दिवसांत पाहिलं नव्हतं.

नोव्हेंबर संपल्यावर काय करता, विचारलं. म्हणाले, विधवांची कुटुंब निवृत्तिवेतनाची प्रकरणं असतात. नवरा गेला की बाईला कुठला कागद कुठे द्यायचा हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. म्हणजे ३५ वर्षं टेबलाच्या ज्या बाजूला ते बसले, त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले होते.

तेव्हापासून माझ्याकडे तक्ता नाही, एकच प्रश्न आहे. जे काही करायचं तुमच्या मनात आहे, त्याला तुम्ही एक दिवस न सांगता गेला नाहीत, तर संध्याकाळपर्यंत कुणाचा फोन येईल का? येणार असेल तर ते धरा. येणार नसेल तर तेही करा, मजेसाठी करा, पण त्याच्यावर दिवस टेकवू नका.

याला थोडाफार आधारही आहे. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग १९७६मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या मंडळींना सांगितलं, तुमचं तुम्ही ठरवा, आणि हे रोप घ्या, याला पाणी घालणं तुमच्याकडे. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण सांगितलं, पाणी परिचारिका घालतील. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक तरतरीत आणि समाधानी दिसले. प्रयोग लहान होता, त्याच्या आकड्यांवरून पुढे वादही झाले, म्हणून त्याचं फार स्तोम मी माजवत नाही. पण रोप दोन्हीकडे होतं आणि पाणी घालायची जबाबदारी एकीकडेच, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता तुमचं बघू. 'मला काहीच येत नाही' असं तुमच्या पत्रात कुठे लिहिलेलं नाही, पण ते दोन ओळींच्या मधे आहे. ३४ वर्षं पाणी मोजलेला माणूस आहात तुम्ही. पत्राच्या शेवटी पत्त्यावरून दिसतं की मूळ गाव दुष्काळी माण तालुक्यातलं. पाण्याचा हिशेब कळणारा माणूस सर्वात जास्त कुठे लागत असेल, तर तिथेच.

हिवरे बाजारला दरवर्षी पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पडलं, किती मुरलं, प्यायला किती, जनावरांना किती, मग रब्बीला किती उरतं आणि त्यात काय पेरायचं. ही गोष्ट इतक्या लोकांनी ऐकलीय की सगळ्यांना पाठ आहे, पण आपल्या गावात करायला बसलं की पहिल्याच आकड्याला अडतं : आपल्या गावात पाऊस किती पडला? महसूल मंडळाचा आकडा दहा-पंधरा किलोमीटरवरच्या यंत्राचा असतो आणि माणमध्ये ओढ्याच्या अलीकडे पाऊस नि पलीकडे ऊन असतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून सुरुवात पर्जन्यमापकाने करा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, दहा हजार लिटर. गावाचं क्षेत्र ९०० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर ४५ लाख घनमीटर, तुमच्या भाषेत साडेचार दलघमी (दशलक्ष घनमीटर). हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहा आणि गप्प बसा. लोक आधी म्हणतील, एवढं पाणी? मग विचारतील, मग जातं कुठं? त्या दुसऱ्या प्रश्नावर तुमची पुढची दहा वर्षं निघू शकतात. ऑक्टोबरात आणि मेमध्ये वीसेक विहिरींची पातळी टेपने मोजायची, पाझर तलावात गाळ किती ते बघायचं, कुणी किती बोअर मारल्या ते हळूच विचारायचं.

मोजमाप तुम्ही स्वतः करू नका, ही मात्र माझी अट. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या सातवीच्या पोरांना शिकवा. सकाळी साडेआठचं वाचन, वहीत तारीख, आकडा, मोजणाऱ्याची सही. दर दुसऱ्या शनिवारी तुम्ही जाऊन वही तपासायची. एखाद्या पोराने पाऊस न बघताच आकडा ठोकलेला असतो, तो तुम्हाला एका नजरेत सापडेल, आणि पोरांना कळेल की साहेबांना सापडतं. मग ती तुमची वाट बघतील, थोडी घाबरून का होईना. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, तेव्हा पहिल्या पंधरा दिवसांसाठी अंगणवाडीच्या ताईंना किंवा वाडीवरच्या एखाद्या पोराला गाठावं लागेल.

यात दोन खड्डे आहेत. पहिला, ज्या उपविभागातून निवृत्त व्हाल त्या कालव्यावर लगेच जाऊ नका. २००५च्या कायद्यानंतर पाणी वापर संस्था गावोगावी नोंदल्या गेल्या आणि त्यातल्या कितीतरींना हिशेब लिहिणारं कुणी नाही, तिथे तुमचा उपयोग निश्चित आहे. पण स्वतःच्या जुन्या कालव्यावर तुम्ही गेलात की शेतकरी तुमच्या मार्फत तुमच्या जागी आलेल्या पोराची गाऱ्हाणी सांगणार. त्याला काम करू द्या. दोन वर्षं दुसरं खोरं बघा.

दुसरा खड्डा साहेबपणाचा. फार नाजूक विषय आहे, तरी बोलते. निवृत्त अधिकारी संस्थेत आला की पहिल्या बैठकीला खुर्ची शोधतो, दुसऱ्या बैठकीला इतिवृत्त मागतो आणि तिसऱ्या बैठकीला अध्यक्ष होतो. मग सहा महिन्यांत भांडण. (गृहनिर्माण सोसायट्यांचे सेक्रेटरी आठवा. पार्किंगच्या पट्ट्यांवरून उपनिबंधकांना चार-चार पानी पत्रं लिहिणारे बहुतेक आमच्याच कार्यशाळांतून गेलेले असतात!) पहिलं वर्ष पद घ्यायचं नाही, काम घ्यायचं. तेही असं, की ज्यात हात चालतात. टेप धरणं, वही आखणं, पंपावर जाऊन उभं राहणं. आणि गावात कुणी 'साहेब' म्हणालं तर म्हणू दे, तुम्ही मात्र सरपंचाला नावाने हाक मारू नका, तो तुमच्या पुतण्याच्या वयाचा असला तरी.

कदाचित हे वाचताना तुम्हाला वाटत असेल, पुरे झालं ते पाणी. तेही बरोबर असू शकतं. माझ्याकडे एक निवृत्त भूकरमापक आले होते. जमीन, हद्द, खुणा या शब्दांनीच त्यांना शिसारी यायची. ते मोडी शिकायला लागले. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१०पासूनचं, तिथे मोडीचे वर्ग होतात, इतरत्रही होतात. वर्षभर त्यांना काही म्हणता काही वाचता येईना. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून मग खाली अक्षरं लटकवलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. त्यांनी चिकाटी सोडली नाही. २०२३च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारा माणूस कुठे मिळतोय का म्हणून तालुक्या-तालुक्यात शोधाशोध झाली. यांच्या दारात सकाळी सातला लोक जुनी दप्तरं फडक्यात बांधून उभे. गंमत म्हणजे त्या कागदांत पुन्हा जमीन, हद्द आणि खुणाच होत्या, पण आता त्यांना शिसारी येत नव्हती. विषय बदलला तरी चालतो. शिकायला दोन वर्षं लागतील असं काही धरा आणि निवृत्तीआधी धरा, म्हणजे कच्चेपणाचा काळ नोकरीच्या आडोशाने निघून जातो.

'इकिगाई'ची ती चार वर्तुळं तुम्हाला व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवली असतीलच, नसतील तर निरोप समारंभाच्या दिवशी येतील. जे आवडतं, जे जमतं, जे जगाला हवं, ज्याचे पैसे मिळतात, आणि मधोमध तुमचं जीवनध्येय. ते चित्र मुळात जपानी नाहीच. एका स्पॅनिश ज्योतिष्याच्या आकृतीवर एका इंग्रज माणसाने २०१४ साली तो शब्द चिकटवला. मधोमधचा तो बिंदू सापडला नाही म्हणून स्वतःला कमी लेखणारी माणसं मी पाहिलीत. ध्येय वगैरे आधी सापडत नसतं हो. आधी शनिवारी जायचं ठिकाण सापडतं.

जपान्यांचा एक शब्द मात्र खरा आहे आणि तो तुमच्या सौभाग्यवतींनी न वाचताच ओळखलाय. निवृत्त होऊन दिवसभर बायकोच्या मागे-मागे करणाऱ्या नवऱ्याला तिकडे 'नुरे ओचिबा' म्हणतात, म्हणजे ओलं गळलेलं पान. झाडलं तरी केरसुणीला चिकटून राहतं. तुमच्या गैरहजेरीत त्या घराचा कारभार ३० वर्षं चाललाय. भिशी, भजनी मंडळ, दुपारची अर्धा तास झोप, कामवाल्या मावशींशी चालणाऱ्या गप्पा, हे सगळं तुमच्या ऑफिसच्या वेळेवर बेतलेलं आहे. एका निवृत्त शाखा व्यवस्थापकांनी पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे आकाराप्रमाणे लावून त्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "हळदीचा डबा शोधताना मला पहिल्यांदा वाटलं, की हे घर माझं नाही." चिठ्ठ्यांवर मात्र ते भलतेच खूश होते.

तेव्हा दोन गोष्टी वर्षभरातच बोलून घ्या. सकाळी दहा ते एक तुम्ही घरात नसाल, कुठेही असा, वाचनालयात पेपर चाळत बसा, पण नसाल. आणि एक काम पूर्ण तुमचं, मदत म्हणून नव्हे. त्यात 'मीठ किती घालू?' हा प्रश्न विचारायचा नाही. रविवारचं जेवण म्हणा, बिलं नि बँक म्हणा, दळण म्हणा. पहिले सहा रविवार पिठलं खारट होईल. त्यांना बाहेर पाठवून द्या. गावाला जाताना त्यांनाही घेऊन जा, अर्थात त्यांची इच्छा असेल तर. २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तुम्हाला ते पासष्टीला मिळेल, तोवर ऐकून घ्या.

मुलांचं एवढंच : नातवंड झालं की फोन येईल, "बाबा, तुम्ही दोघं इकडेच या ना." जरूर जा. किती दिवसांसाठी ते निघायच्या आधी ठरवा. नातवंडं हा आनंद आहे, पण ती सहा-सात वर्षांत शाळेला, क्लासला जायला लागतात, आणि तुम्ही बेंगळुरूच्या अकराव्या मजल्यावर डिसेंबरातली दुपार मोजत बसता.

तीर्थयात्रा, सहली यांच्या मी विरुद्ध नाही. वारी करा, युरोप करा. माझ्या ओळखीचे एक जण पायी नर्मदा परिक्रमा करून आले. "चालत होतो तोवर प्रश्नच नव्हता," म्हणाले, "घरी येऊन पायातले बूट काढले आणि प्रश्न तिथेच बसलेला."

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. निवृत्तीआधी कान तपासून घ्या. डोळ्यांचं आणि साखरेचं लोक बघतात, कानाचं नाही. ऐकू कमी यायला लागलं की माणूस चारचौघांत बसणं टाळतो, हसायच्या जागी उशिरा हसतो, मग जाणंच सोडतो, आणि घरचे म्हणतात 'निवृत्तीनंतर यांचा स्वभाव बदलला'. कालव्याच्या पंपगृहात, जनरेटरशेजारी ज्यांची वर्षं गेली त्यांनी तर नक्कीच. यंत्र लावायला लागलं तर लावा, चष्म्याची जशी लाज वाटत नाही तशीच.

आणि डिसेंबरातला तो गप्पपणा दोन-तीन आठवड्यांच्या वर टिकला, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागेना, जेवणावरची वासना गेली, तर त्याला 'सवय नाही अजून' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. माझ्या कार्यशाळेत हा क्रमांक मी फळ्यावर लिहिते तेव्हा सगळे पुरुष छताकडे बघतात, आणि चहाच्या वेळी एखादा येऊन हळूच विचारतो, "मॅडम, तो नंबर पुन्हा सांगाल?"

तुमच्याकडे वर्ष आहे म्हणता, पण पावसाच्या हिशेबाने बघा. हवामान खातं नैर्ऋत्य मोसमी पाऊस १ जूनपासून मोजतं. तुमचा वाढदिवस कागदावरचा असला तरी मोजणी सुरू करायला याहून चांगला दिवस नाही. निवृत्तीनंतरच्या १ जूनची वाट बघू नका, येत्या १ जूनलाच यंत्र बसवा. झाडापासून आणि भिंतीपासून किती लांब ठेवायचं ते मी जलसंपदाच्या माणसाला शिकवणार नाही. म्हणजे निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेताना एका पूर्ण वर्षाची, पोरांच्या सह्यांची वही तुमच्या घरी असेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पुढचं पान.

दिवाळीनंतर मला पत्र टाका. तब्येत, मुलं, पेन्शन केस हे सगळं नंतर लिहा. पहिल्या ओळीत १ जूनपासून एकूण किती मिलिमीटर झाला तेवढं कळवा, आणि कोणत्या पोराने किती दिवस आकडे ठोकले तेही.